ट्रॅक्टरचा ‘सेल्फ’ बिघडला काय? दोष शोधण्याची सोपी रीत

खरीप हंगामात शेतकऱ्याच्या हाती असलेली सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे वाफसा होय. पेरणीयोग्य ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला, जमीन वाफशावर आली, बियाण्यास बीजप्रक्रिया झाली, पेरणीयंत्र जोडून तयार आहे, आणि नेमक्या त्याच सकाळी ट्रॅक्टरची किल्ली फिरविल्यावर इंजिन फिरत नाही, असा प्रसंग अनेकांवर आलेला असेल. काळ्या जमिनीतील वाफसा कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी घाईने चुकीचा भाग बदलला जातो, पैसा जातो, दिवस जातो आणि कधीकधी याहूनही मोठी किंमत मोजावी लागते. यास्तव ट्रॅक्टर सुरू करणाऱ्या यंत्रणेतील दोष कसा शोधावा, याची माहिती शेतकरी बांधवांस व गावपातळीवरील कार्यकर्त्यांस असणे अगत्याचे आहे. ही माहिती जीप व मोटारीसही बहुतांशी तशीच लागू पडते.

एका शेतावरील अनुभव

सन २०२३ साली पावसाने फार ओढ दिली होती. पाऊस पडल्यावर पेरण्यांची एकच धांदल उडाली. त्या दिवसांत परभणी जिल्ह्यातील एका गावी बियाण्याच्या उगवणशक्तीची चाचणी दाखविण्यासाठी मी गेलो होतो. रस्त्यालगतच्या एका शेतात ट्रॅक्टर उभा होता आणि भोवती चार माणसे चिंतातुर होऊन उभी होती. ट्रॅक्टरचे वयस्कर मालक मला ओळखत होते. ते म्हणाले, “साहेब, आठ दिवसांमागं नवी बॅटरी टाकली. तरी आज कटकट करतोय अन् फिरत नाही. मिस्त्री फोनवर म्हणतो, सेल्फच गेला, नवा टाका. आता सेल्फ आणायचा कधी अन् पेरायचं कधी?”

त्यांचा मुलगा त्या वेळी मागच्या मोठ्या चाकापुढे उभा राहून, हातात पाना घेऊन वाकला होता. पान्याने सेल्फचे दोन बोल्ट एकमेकांस जोडून इंजिन फिरवून पाहावे, असा त्याचा विचार होता. मी प्रथम त्याला पाना खाली ठेवून बाजूस येण्यास सांगितले. नंतर गिअरचा दांडा पाहिला. ट्रॅक्टर दुसऱ्या गिअरमध्ये होता. या प्रसंगाचा शेवट लेखाच्या अखेरीस दिला आहे. तो नीट समजण्यासाठी ही यंत्रणा काम कशी करते, हे आधी पाहू.

यंत्रणेची ओळख

डिझेल इंजिन आपणहून सुरू होत नाही. त्याला प्रथम बाहेरून फिरवावे लागते. पूर्वी हे काम लोखंडी हँडल मारून करीत. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडलने मनगट मोडत असे. सन १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर बसविण्यात आला आणि हँडलची ही धास्ती हळूहळू नाहीशी झाली. आपण ज्याला ‘सेल्फ’ म्हणतो, तो हाच स्टार्टर होय.

सेल्फचे दोन भाग असतात. मोठे नळकांडे म्हणजे विजेची मोटर. तिच्या पाठीवर बसविलेले लहान नळकांडे म्हणजे सोलेनॉइड. सोलेनॉइड हा तारेच्या वेटोळ्यांचा विद्युत्-चुंबक असून त्याच्याकडे दोन कामे असतात. किल्ली फिरविताच बारीक वायरीतून त्यात वीज येते व आतील लोखंडी दट्ट्या खेचला जातो. दट्ट्याला जोडलेला काटा मोटरवरील लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवितो. त्याच हालचालीच्या शेवटी दट्ट्या तांब्याचे दोन जाड संपर्क एकमेकांस जोडतो, आणि बॅटरीची पूर्ण शक्ती मोटरमध्ये जाऊन इंजिन फिरू लागते.

सोलेनॉइडमध्ये वेटोळी दोन असतात. एक दट्ट्याला जोराने खेचते व दुसरे त्याला धरून ठेवते. संपर्क जुळला की खेचणाऱ्या वेटोळ्याचे काम संपते आणि पुढे धरून ठेवणारे वेटोळेच काम करते. ही गोष्ट ध्यानात ठेवल्यास निरनिराळ्या आवाजांचा अर्थ लावणे सोपे जाते.

मोटरला इंजिन फिरविताना शेकडो अँपिअर इतका प्रवाह लागतो. तो बॅटरीच्या धन टोकापासून जाड केबलने सोलेनॉइडमध्ये, तेथून मोटरमध्ये आणि मोटरच्या अंगातून, इंजिनाच्या धडातून व अर्थच्या पट्टीतून परत बॅटरीच्या ऋण टोकाकडे येतो. हा फेरा पूर्ण झाला पाहिजे. पाटाचे पाणी शेतास पोहोचले नाही तर आपण विहिरीलाच दोष देत नाही. पाट कोठे फुटला किंवा कोठे गाळाने भरला, हे आधी पाहतो. येथेही तीच रीत अवलंबावी. पुष्कळदा सेल्फ चांगला असतो आणि दोष वाटेत असतो.

आवाज काय सांगतो?

तपासणीपूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, ब्रेक लावावा, गिअर व पी.टी.ओ. न्यूट्रलमध्ये आणावेत. नंतर एका माणसाने चालकाच्या बैठकीवर बसून, पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दुसऱ्याने बाजूस उभे राहून आवाज ऐकावा व दिव्यांकडे पाहावे.

१. काहीच आवाज नाही व दिवेही लागत नाहीत : बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचे टर्मिनल सुटलेले, गंजलेले आहे. सेल्फकडे जाण्याचे कारण नाही.

२. दिवे उत्तम, पण सेल्फचा आवाज नाही : सोलेनॉइडच्या बारीक वायरीत वीज येत नसावी. क्लच पूर्ण दाबला आहे काय, गिअर न्यूट्रलमध्ये आहे काय, हे आधी पाहावे. कारण अनेक ट्रॅक्टरांत या अटी पूर्ण झाल्याशिवाय सेल्फला वीज मिळू नये म्हणून सुरक्षा-स्विच बसविलेला असतो. त्यानंतर फ्यूज, किल्लीचा स्विच व बारीक वायर तपासावी. उंदराने वायर कुरतडल्याची उदाहरणेही आढळतात.

३. एकच ‘टक’ असा आवाज, दिवे तसेच प्रखर : दट्ट्या खेचला गेला, परंतु मोटरमध्ये वीज शिरली नाही. सोलेनॉइडचे तांब्याचे संपर्क जळाले असावेत किंवा मोटरमधील कार्बन झिजले असावेत.

४. एकच ‘टक’ आवाज, दिवे अगदी मंद : मोटर वीज खेचत आहे पण फिरू शकत नाही, किंवा बॅटरीच अशक्त आहे. बॅटरी उत्तम असल्यास मोटर आत अडकली आहे काय, पिनियन दात्यांत रुतले आहे काय, की इंजिनच जाम झाले आहे, हे पाहावे लागते.

५. ‘कट-कट-कट’ असा सतत आवाज : संपर्क जुळतो, मोटर वीज मागते, त्याबरोबर दाब कोसळतो, दट्ट्या सुटतो, दाब पुन्हा चढतो व दट्ट्या पुन्हा खेचला जातो. उतरलेली बॅटरी, सैल टर्मिनल अथवा खराब अर्थ ही याची नेहमीची कारणे होत. ही तिन्ही निर्दोष आढळल्यास धरून ठेवणारे वेटोळे तुटले असण्याचा संभव असतो.

६. इंजिन रडत-रडत हळू फिरते : बॅटरी अशक्त आहे, केबलचे सांधे खराब आहेत किंवा मोटरचे बुश झिजून आर्मेचर आत घासत आहे.

७. मोटर ‘घूंऽऽ’ करून जोरात फिरते, इंजिन मात्र स्थिर : वीज ठीक आहे. पिनियनचा एकाच दिशेने पकडणारा क्लच, ज्याला मिस्त्री ‘बेंडिक्स’ म्हणतात, घसरत आहे, किंवा ढकलणारा काटा तुटला आहे.

८. दाते खरडल्याचा कर्कश आवाज : पिनियनचे किंवा फ्लायव्हीलचे दाते झिजले आहेत, अथवा सेल्फचे बोल्ट सैल झाले आहेत. असे असता पुनःपुन्हा किल्ली फिरवू नये. फ्लायव्हीलचे दाते गेले तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

९. किल्ली सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो : सोलेनॉइडचे संपर्क एकमेकांस चिकटले आहेत किंवा किल्लीचा स्विच अडकला आहे. इंजिन चालू झाले असल्यास ते प्रथम बंद करावे व तोंड दूर ठेवून बॅटरीची ऋण केबल ताबडतोब सोडवावी. विलंब झाल्यास मोटर जळते व वायरींस आग लागण्याचा धोका असतो.

मीटरने करावयाची तपासणी

आवाजावरून दिशा कळते. निश्चित निदानासाठी काही शे रुपयांत मिळणारा साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. तो डी.सी. व्होल्टवर ठेवून पुढील क्रमाने जावे. हा क्रम मोडू नये.

पहिली पायरी, बॅटरी : पुढचे दिवे एक मिनिट लावून बंद करावेत, म्हणजे बॅटरीवरील वरवरचा दाब उतरतो. नंतर बॅटरीच्या दोन्ही शिसाच्या खुंटांवर मीटर लावावा. सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली; १२.२ च्या सुमारास म्हणजे जवळजवळ निम्मी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली समजावी. नंतर किल्ली फिरवीत असताना आकडा पाहावा. तो ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी प्रथम पूर्ण भरून घ्यावी व तपासणी पुन्हा करावी. भरलेली बॅटरीही तशीच कोसळत असेल तर बॅटरी निकामी आहे, किंवा मोटर अडकून वाजवीपेक्षा जास्त वीज खेचत आहे. शंका असल्यास दुसरी चांगली बॅटरी लावून खात्री करावी.

दुसरी पायरी, अर्थ : मीटरची एक काडी बॅटरीच्या ऋण खुंटावर व दुसरी सेल्फच्या धडाच्या स्वच्छ लोखंडावर टेकवून किल्ली फिरवावी. येथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसू नये. दिसला तर तितका दाब अर्थच्या वाटेत वाया जात आहे.

तिसरी पायरी, धन केबल : एक काडी बॅटरीच्या धन खुंटावर, दुसरी सोलेनॉइडवरील बॅटरीकडच्या जाड बोल्टावर ठेवून किल्ली फिरवावी. येथेही आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असावा.

चौथी पायरी, बारीक वायर : एक काडी सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर, दुसरी सेल्फच्या धडावर ठेवावी. किल्ली फिरविताना येथे जवळजवळ बॅटरीइतका दाब आला पाहिजे. न आल्यास दोष स्विच, फ्यूज किंवा वायरीत आहे. दाब आला आणि तरीही ‘टक’ झाले नाही, तर सोलेनॉइडचे वेटोळे निकामी किंवा दट्ट्या अडकलेला आहे.

पाचवी पायरी, सोलेनॉइडचे संपर्क : दोन काड्या सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर ठेवाव्यात. किल्ली फिरविण्यापूर्वी येथे बॅटरीइतका आकडा दिसेल. ‘टक’ झाल्यावर तो जवळजवळ शून्यावर आला पाहिजे. ‘टक’ होऊनही आकडा तसाच राहिला तर संपर्क जळालेले आहेत. आकडा शून्यावर आला, मोटरकडच्या बोल्टावर पूर्ण दाब आहे, तरीही मोटर फिरत नाही, तेव्हाच दोष मोटरच्या पोटात, बहुधा कार्बनमध्ये, आहे असे म्हणावे.

अशा वेळी काही जण सेल्फवर हातोडी मारतात व कधीकधी तो फिरतोही, कारण अडकलेले कार्बन क्षणभर टेकतात. हा इलाज नव्हे. कार्बन संपत आल्याची ती सूचना आहे. शिवाय काही नव्या धर्तीच्या सेल्फमध्ये स्थायी चुंबक असतात व ते हातोडीने तडकतात. कार्बन किंवा सोलेनॉइड स्वतंत्रपणे बदलता येत असल्यास संपूर्ण सेल्फ बदलण्याची आवश्यकता नसते, हेही मिस्त्रीशी बोलताना लक्षात ठेवावे.

पाना लावून इंजिन फिरवू नका

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. जमिनीवर उभे राहून पान्याने किंवा पेचकसाने सेल्फचे बोल्ट जोडण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. असे केल्याने किल्ली, क्लचचा स्विच व न्यूट्रलचा स्विच या सर्वांना वगळून वीज थेट सेल्फमध्ये जाते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर इंजिन फिरताच तो चालू लागतो, इंजिन पेट घेते, आणि पाना धरणारा माणूस नेमका मागच्या चाकाच्या वाटेत असतो. मागे सरण्यास वेळ मिळत नाही. पूर्वी हँडलने मनगट मोडत असे. या पान्याने जीव जातो. ट्रॅक्टर नेहमी बैठकीवर बसूनच, क्लच दाबून, किल्लीने सुरू करावा. सुरक्षा-स्विच बिघडला तर तो दुरुस्त करावा. वायर जोडून तो कायमचा वगळू नये.

दुसऱ्या बॅटरीची मदत घ्यावयाची झाल्यास धनास धन जोडावे. ऋण केबलचे शेवटचे टोक मात्र उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो व ठिणगीने त्याचा स्फोट होऊ शकतो. बॅटरीजवळ विडी-काडी पेटवू नये. बॅटरी काढताना ऋण केबल प्रथम सोडावी आणि बसविताना ती शेवटी जोडावी.

हंगामापूर्वीची काळजी

टर्मिनलवरील पांढरा-हिरवट क्षार खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवावा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. टर्मिनल कोरडे करून, घट्ट आवळून, वर व्हॅसलिनचा हात फिरवावा. बुचाच्या बॅटरीत पट्ट्या बुडतील इतपत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे; विहिरीचे किंवा नळाचे पाणी घालू नये. अर्थच्या पट्टीचे दोन्ही सांधे वर्षातून एकदा उघडून घासावेत. ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल तर मधूनमधून बॅटरी भरून घ्यावी. किल्ली एका वेळी दहा सेकंदांहून अधिक काळ धरू नये व दोन प्रयत्नांमध्ये निदान एक मिनिट थांबावे. इंजिन फिरते पण पेट घेत नाही, असे असल्यास दोष डिझेलच्या वाटेत असतो. तेथे सेल्फ राबवून तो जाळू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यात बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक योजताना एक तास या तपासणीसाठी राखून ठेवावा. गावातील एक मीटर आणि तो वापरू जाणणारे दोन तरुण, एवढ्यावर अनेकांची पेरणी वेळेवर होऊ शकेल.

त्या शेतावर काय झाले?

गिअर न्यूट्रलमध्ये आणून, मालकांस बैठकीवर बसवून आम्ही वरील क्रमाने तपासणी केली. किल्ली फिरविली की ‘कट-कट-कट’ होई व दिवे मावळत, परंतु बॅटरीच्या खुंटांवर मीटर १२ च्या वरच राही. म्हणजे बॅटरी निर्दोष होती. ऋण खुंट व सेल्फचे धड यांच्यामध्ये मात्र आकडा चार-पाच व्होल्टपर्यंत हेलकावे घेत होता. दोष तेथेच सापडला. अर्थची पट्टी जेथे सांगाड्यास बोल्टाने बसविलेली होती, तेथे गंज व चिखलाचा थर जमला होता. जुनी बॅटरीही कदाचित याच कारणाने बाद ठरविली गेली असावी.

बोल्ट काढला, दोन्ही पृष्ठे पॉलिश पेपरने लखलखीत घासली, पट्टी पुन्हा घट्ट आवळली. किल्ली फिरविताच इंजिन पहिल्याच फिरकीत सुरू झाले. खर्च एका पॉलिश पेपरचा झाला. त्याच दिवशी त्या शेताची पेरणी पार पडली.

इंजिन सुरू झाल्यावर मालक काही क्षण मुलाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “साहेब, मघाशी हा पाना लावत होता तेव्हा गाडी गिअरात होती.” यापुढे त्यांना काही सांगण्याची गरज उरली नव्हती. तो गंजलेला सांधा त्या क्षणी हादऱ्याने टेकला असता, तर ट्रॅक्टर मुलाच्या अंगावरून गेला असता.

यंत्र अडले म्हणजे घाई करू नये. आवाज ऐकावा, दिवे पाहावेत, बॅटरीपासून आरंभ करून क्रमाने पुढे जावे आणि सेल्फला सर्वांत शेवटी दोष द्यावा. ही रीत अंगवळणी पडल्यास पैसा वाचेल, वाफसा साधेल आणि घरची माणसे सुखरूप राहतील.